डाव्या गालावरची सावली

—नाही, तेवढं माझ्याकडून होणार नाही. निगेटिव्ह आहे, पेन्सिल आहे, पेन्सिलीला टोकही आजच काढलं आहे, तरी नाही. तुमच्या डाव्या गालावरचा भाजल्याचा वण मी पेन्सिलीने भरून गुळगुळीत करून दिला, तर तो गाल कोणाचा? तुमचा नव्हे. परमेश्वराने घडवलेला नव्हे. म्हणजे माझाच. आणि माझा गाल लावून तुम्ही लग्नाला उभे राहणार — बरं दिसतं का ते? बसा. स्टुलावर नको, आज तुमचा फोटो काढायचा नाही. या बाकावर बसा आणि हातातला तो फोटो जरा उजेडात धरा. काय वाईट आहे त्यात?

नीट पाहा. एकच दिवा, तुमच्या उजवीकडून, कानाच्या किंचित वर. डाव्या अंगाला एरवी मी पांढरा पुठ्ठा उभा करतो; उजेड त्यावर आपटून थोडा परत येतो आणि सावली मवाळ होते. तो पुठ्ठा मी काढून घेतला. का? तुम्हीच म्हणालात, वण दिसू नये. मग नाकाचा कणा, भुवई, जिवणीची कड — सारं त्या अंधाराच्या काठावर कसं स्वच्छ उभं राहिलं. रंगीत फोटोत माणसाचा शर्टच बोलत राहतो, माणसाला बोलू देत नाही. काळ्या-पांढऱ्यात बोलते ती सावली. गिऱ्हाइकं म्हणतात, काळं जरा कमी करा. मी म्हणतो, करतो. मग नाक कुठे सुरू झालं आणि गाल कुठे संपला, ते तुमच्या आईला विचारून घ्या. देवाने दिवसाला रात्र जोडली, ती काय हात चुकला म्हणून? हसलात. हसा. त्या दिवशी हसला असतात तर फोटो आणखी चांगला आला असता. खुंटीला टांगलेल्या कोटासारखे बसला होतात.

तर पेन्सिल आणि सावली यांत मी फरक करतो. पेन्सिल म्हणजे खोटं बोलणं. सावली म्हणजे गप्प राहणं. आणि गप्प राहण्यात पाप नाही, असं मी परवापर्यंत मानत होतो. परवापर्यंत का? म्हणालो खरा. असू द्या, बोलण्याच्या भरात गेलं.

मुलीकडचे लोक मागे सरले आहेत, आज संध्याकाळी नकार येणार आहे, असं तुम्हाला कळलं आहे. तुम्हाला वाटतं, अंधार फार झाला म्हणून; आता दोन्ही गाल गुळगुळीत असा दुसरा फोटो पाठवला की गाडी रुळावर येईल. येणार नाही. तुमच्या या अर्ध्या तोंडाचं त्या घरात काय काय झालं आहे, ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? आधी डोळा गेला. मुलीची आई म्हणाली, ज्या अर्थी दुसरा डोळा अंधारात आहे त्या अर्थी तो काचेचा असणार. मग तिच्या जावेने विचारलं, कान तरी कुठे दिसतो आहे? — झालं, कानही गेला. जेवणं होईपर्यंत अर्धी मिशी गेली. तुम्हाला मिशीच नाही, हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. शेवटी वडील म्हणाले, "निदान हात तरी दोन आहेत का, ते विचारून घ्या." हा छातीपर्यंतचा फोटो, हातांविषयी तो बापडा काय सांगणार?

मला कसं कळलं? दुकान आहे, माणसं येतात, बोलतात. फोटोच्या पाठीवर माझा शिक्का असतोच. तो वाचून मुलीची आई परवा इथे आली, हा फोटो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खरं सांग. या काळ्यात काय आहे?" मोठी कठीण वेळ. गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर बोलत नाही, तो माझा नेम आहे. आणि तिच्याशी खोटं — तिच्याशी मी कधीच बोललो नाही, तिच्या बाहुलीची मान मोडली तेव्हासुद्धा — म्हणजे, खोटं मी कोणाशीच बोलत नाही. म्हणून गप्प बसलो. दिव्याची वायर गुंडाळत. तिने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, घरी गेली आणि जावेला सांगितलं, "दादालासुद्धा सांगवेना, म्हणजे काहीतरी फारच भयंकर असणार."

हं. दादा. पकडलंत ना? माझी धाकटी बहीण ती. फोटो काढला तेव्हा तो कोणत्या घरी जाणार, हे तुम्ही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. माझ्याकडे असं पाहू नका. तुम्हाला जितकं अवघडल्यासारखं वाटतं आहे, तितकंच मला दोन दिवस वाटतं आहे. तुमच्या बाजूचा पुठ्ठा काढला तसा मी माझा शब्द काढून घेतला, आणि त्या रिकाम्या काळ्यात माझ्या बहिणीने तिला हवं ते पाहिलं. मी जर नुसतं म्हणालो असतो, "काही भिण्यासारखं नाही" — तर त्यात तुमचं काय फुटणार होतं? काहीच नाही. पण तेवढं सुचायला बुद्धी स्थिर लागते, आणि बहीण समोर उभी असली की माझी राहत नाही.

थांबा, उठू नका. पुढचं ऐका. काल भाची आली. हो, तीच मुलगी. एकटीच आली. माझी एक पद्धत आहे: कोणाचाही पहिला फोटो मी दोन्ही दिवे लावून, पुठ्ठा ठेवून काढतो, नुसता उजेडाचा अंदाज घ्यायला. तुमचाही काढला होता; मघाशी म्हणालो ती निगेटिव्ह त्याचीच. तुम्ही तेव्हा शर्टाचं वरचं बटण लावत होता, तुमचं लक्ष नव्हतं. तो आत दोरीला चिमट्याने लटकत होता. मी तिला दाखवला नाही. तिला डोळे आहेत. मी "पाहू नकोस" म्हणालो का? नाही म्हणालो. गप्प राहिलो, या खेपेला ते उपयोगी पडलं.

पुष्कळ वेळ पाहिला तिने. काय म्हणाली? मघाशी निघायची घाई होती तुम्हाला. म्हणाली, "मामा, हे तर बरे दिसतात की. मग तो अर्धा का पाठवला?" मी म्हटलं, वणाचा संकोच असेल. "कशाने भाजलं?" म्हटलं, ते ज्याचं त्याला विचार. मग मात्र रागावली. वणाचं तिला काही नाही. आपण तो पाहून नाक मुरडणार, हे तुम्ही तिला न विचारताच ठरवून टाकलंत, त्याचा राग. फार रागावली की ती हळू बोलते. हळूच म्हणाली, "माझा फोटो काढा. तोच दिवा, तीच बाजू. पुठ्ठा नको."

हा घ्या. कडेने धरा, अजून पुरता वाळलेला नाही.

असा तिरपा धरून काय शोधता? अंधार आहे तो, फोटो तिरपा करून त्याच्या मागचं दिसत नाही. तिच्या डाव्या गालावर काय आहे? ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला पाहतो आहे आणि सांगणार नाही. वण? डोळा? बघा, माझ्या बहिणीला हसत होतात मघाशी, आणि आता तुम्हीही डोळ्यापाशी येऊन पोहोचलात. निरोप एवढाच आहे. तिच्याच शब्दांत सांगतो, माझं त्यात काही नाही: "माझा गाल पाहायचा असेल तर घरी या म्हणावं, आणि येताना स्वतःचा घेऊन या."

आता नीट ऐका. त्यांच्या बाहेरच्या खोलीला एकच खिडकी आहे. बहीण पाहुण्याला खिडकीखालच्या गादीच्या खुर्चीत बसवते, तिला वाटतं तो मान. तिथे बसू नका. पाठीमागून उजेड आला की सगळंच तोंड काळं. मग तुमचा दुसराही कान जायचा. समोर लाकडी बाक आहे, त्यावर बसा, खिडकीकडे तोंड करून. डावा गाल लपवू नका, पुढेही करू नका. असतो तसा असू द्या. ती विचारील कशाने भाजलं. जे झालं ते सांगा, सजवू नका. भीती वाटते? वाटू द्या. तिलाही वाटते आहे, नाहीतर फोटो काढून घ्यायला एकटी कशाला आली असती?

तिचा फोटो इकडे द्या. तुमचाही. हो, दोन्ही. तिथे त्यांचं काही काम नाही. आणि निघा आता. त्या खिडकीतलं ऊन लवकर उतरतं.