बंडूचा वाकडा दात

आमचा बंडू सुतार उल्हासनगरात कपाटं बनवतो. दोन दारं केसभर खालीवर झाली तरी पुन्हा खोलून बसवणारा माणूस! त्याने कवळीही तशीच करून घेतली, सगळे दात एका मापाचे. घरी येऊन हसला, तर नात किंचाळून आजीमागे लपली. दोन दिवस जवळ फिरकेना. बंडू रडकुंडीला आला.

मी म्हटलं, "अरे, तू हसलास की शोकेस उघडल्यासारखं वाटतं. पोरगी तुझा जुना वाकडा दात शोधतेय."

बंडू तडक डॉक्टरकडे. "पुढचा एक दात वाकडा बसवा."

"काका, लोक सरळ करायला येतात! किती वाकडा?"

"अर्धं सूत, डावीकडे."

घरी येऊन तो हसल्यावर नात मांडीवर चढली, तिने दाताला बोट लावलं. बंडू खुशीत इतका खदखदला, की अख्खी कवळी तिच्या हातात आली.

पोरगी सध्या अंबरनाथला, मामाकडे आहे.