कादंबरीतली म्हातारी

शाळा अन् घर सांभाळून कादंबरी कशी लिहितेस, असं विचारता ना? ऐका मग. गेल्या वर्षी एका सकाळी दिग्रसच्या घरी मी मान वाकडी करून, खांद्याशी फोन दाबून पोळ्या लाटत होते. फोनवर संपादक. "तुमच्या कादंबरीतली म्हातारी लवकर मरायला हवी," ते म्हणाले, "गोष्ट तिच्यापाशी अडते." मला शाळेची घाई. मी म्हटलं, "बरं, दिवाळीआधी संपवते म्हातारीला. तिच्यापायी माझंही सगळं अडलंय."

संध्याकाळी घरी आले, तर माझी दमेकरी आई लुगड्यांची पिशवी भरून दारात बसलेली.

"मले फुलसावंगीच्या गाडीत बसवून दे. तुह्या मामापाशी राहीन."

"काहून वं आई?"

"सकाळी आयकलं म्या. तुले अडचणच होऊन राह्यली माही."

मी तिथंच खाली बसले. "अवं, ते पुस्तकातली म्हातारी होय!" म्हणत सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"कायनं मरते ते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दम्यानं."

आई पिशवीतली लुगडी परत बाहेर काढू लागली.

"मंग राहू दे ना तिले थोडे दिवस. कोनाचं काय खाते बिचारी?"

मी लगेच संपादकांना फोन लावला. कादंबरी लांबली, पण म्हातारी शेवटच्या पानापर्यंत जगली. पुस्तक छापून आलं, तेव्हा आईच नव्हती.