पायरीवर बसून खाईन

गाडीला बर्फात चालणारे हिवाळ्याचे टायर चढवून होईपर्यंत मी गॅरेजात बसले होते. शेजारी एक म्हातारी आणि तिचा धाकटा भाऊ ऑरिन.

"ताई, अध्यक्षपदाच्या निकालाविरुद्ध शनिवारी मोर्चाची बस निघतेय. तुझं नाव दिलंय."

"काढून टाक."

"अगं, आपला माणूस पडला!"

"ठाऊक आहे. आपल्या केंद्रावर मतं मोजायला मीच बसले होते."

"म्हणजे तू त्यांच्यात गेलीस?"

"त्यांच्यात जाईल माझं खेटर! चार वर्षं त्या निवडून आलेल्याला जाब विचारणार आहे मी. पण जिंकला तो जिंकला."

"मग थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्याकडे जेवायला येऊ नकोस."

"येणार. भाजलेली अख्खी टर्की घेऊन येणार. दार उघडलं नाहीस, तर पायरीवर बसून खाईन, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत."

ऑरिनने हळूच विचारलं,

"तिच्यात आईसारखं सारण भरशील?"

"भरेन. आणि वाढताना पुन्हा सांगेन, आपण हरलो."