खालची सही माझी

सन्माननीय अध्यक्ष सर जेफ्री लॅस्लेट, व्यासपीठावरचे कुलगुरू, आज निवृत्त होणाऱ्या डॉ. म्युरिएल ऑर्मरॉड, आणि शेरीचे पेले सांभाळत मागे उभे असलेले स्नेही,

मी क्लिफर्ड एंटव्हिसल. चौतीस वर्षं या प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या फुंकतोय. समितीने मला वाचायला हा कागद दिलाय. त्यात म्हटलंय, ऑर्मरॉड बाईंनी सर जेफ्रींना 'मोलाचं साहाय्य' केलं. वाचून किळस आली, आणि ती लपवण्याइतका मी सभ्य नाही.

गोठवलेल्या धातूतल्या विजेच्या ज्या प्रवाहासाठी सरांना पदक मिळालं, तो मोजायला बाई नऊ दिवस नळीपाशी बसल्या होत्या. वरच्या चहाच्या खोलीत तेव्हा बायकांना मज्जाव. त्या माझ्या भट्टीशेजारी स्टुलावर बसून चहा घ्यायच्या. म्हणायच्या, "क्लिफर्ड, तुमच्याकडे निदान ऊब तरी आहे." आणि वर मंडळी बिस्किटं बुडवत कुणाच्या आकड्यांवर चर्चा करायची? बाईंच्याच.

आपल्याकडे रिवाज आहे. वहीच्या प्रत्येक पानावर मोजणाऱ्याची सही, खाली साक्षीदाराची. त्या नऊ दिवसांच्या पानांवर वरची सही बाईंची, खालची माझी. सर त्या आठवड्यात स्कॉटलंडला मासे धरत होते. त्यांनी आणलेला सामन मासा मीही खाल्ला. छान होता, खोटं कशाला बोलू?

पुढे पदकवाल्यांनी मला बोलावून विचारलं, "मोजमाप कुणी केलं?" सर दाराशी उभे होते. मी म्हणालो, "सरांच्या प्रयोगशाळेत झालं, साहेब." एक अक्षर खोटं नव्हतं. माणूस किती सफाईने नीच होऊ शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई नेहमीसारख्या आल्या आणि त्यांनी साखर मागितली. मी डबा पुढे केला आणि भट्टीकडे वळलो.

तेव्हा सर, चेहरा पाडू नका. किळस एकट्या तुमची नाही, माझीही येते.

हा कागद मी वाचणार नाही. तो प्रवाह डॉ. म्युरिएल ऑर्मरॉड यांनी शोधला. मी समोर होतो.

इथे बोलू दिल्याबद्दल आयोजकांचा आणि सँडविचबद्दल मिसेस क्लेगांचा आभारी आहे. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. पण दाराशी सर उभे असताना मी जे बोललो, त्याची माफी तुम्हा कुणाला देता येणार नाही. ती, बाई, तुमच्याकडे मागतो. आज मागतोय, कारण उद्यापासून तुम्ही चहाला येणार नाही.