निळी गिटार

(संग्रहालयातल्या काचेच्या पेटीसमोर पुष्पलता आणि तिचा धाकटा भाऊ धम्मानंद.)

पुष्पलता : ही गिटार आपली नाही. आपली निळी होती.

धम्मानंद : ताई, तीच आहे. रंग काढला त्यांनी. बघ ना खालून काय निघालं, हस्तिदंताच्या पट्ट्या. तीनशे वर्षांचा पीस आहे. जगात मोजक्याच उरल्यात अशा.

पुष्पलता : बाबाचा रंग काढला?

धम्मानंद : ओरिजिनल नव्हता ना तो. ऑइलपेंट होता.

पुष्पलता : मले सांगतं काय गा? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी रंगवली बाबानं. म्या डबा धरला होता. कामठीच्या म्हाताऱ्या पाद्र्यानं जाता जाता देल्ली, तवा बाबाले काय मालूम तीनशे वर्षं? गळ्यात अडकवली अन् गात सुटला.

धम्मानंद : आणि तारा कसल्या लावल्या होत्या? सायकलच्या ब्रेकच्या. एक्स्पर्ट लोक हसत होते.

पुष्पलता : तू बी हसला?

धम्मानंद : जाऊ दे ना ताई.

पुष्पलता : त्याच तारेवर वस्तीभर नाचला तू, लहानपणी. बाबाच्या पुढं पुढं.

धम्मानंद : मी कुठे नाही म्हणतो? पण इथं ती सेफ आहे. तुझ्या घरी उंदरांनी खाल्ली असती.

पुष्पलता : तू काय म्हणाला होता मले? ताई, म्युझियममंदी ठेवली तं लोकं बाबाले पाहतीन. म्हणून देल्ली म्या. बाबाचं तेवढंच होतं माह्यापाशी. पाटीवर काय लिहिलं, वाच बरं.

धम्मानंद : बरोक गिटार. इटली, सतरावं शतक. धम्मानंद मेश्राम यांच्याकडून भेट.

पुष्पलता : अन् बाबा?

धम्मानंद : पाटीवर जागा कमी असते वं.

पुष्पलता : तुह्यापुरती बरी निघाली. दगा देल्ला तू मले, धम्मा.

धम्मानंद : असं नको बोलू. लोक ऐकून राहिले.

पुष्पलता : ऐकू दे. रंग कोणं लावला, हे तरी विचारलं असन त्याईनं?

धम्मानंद : विचारलं.

पुष्पलता : मंग?

धम्मानंद : बाहेरदेशाचे लोक होते समोर, ताई. सगळे माझ्याकडेच बघत होते.

पुष्पलता : काय सांगतलं तू?

धम्मानंद : म्हटलं, कोणीतरी अडाण्यानं लावला असेल.

पुष्पलता : तुह्यं नावही त्याच अडाण्यानं ठेवलं, गा. तेही खरडून टाक.