शहादेवाचा उतार

हां, तसंच बसा, कारभारी — फांदी दोन मांड्यांमधी, बुंधा म्होरं, पाला मागं — भ्या वाटतंय? वाटू द्या, भ्यालेला मानूस लवकर शिकतो. पळसाची फांदी हाय, वाळल्या कुसळी गवतावरून घोड्याच्याबी म्होरं पळती. गवताचे भारे आमी धारूरच्या डोंगरावरून असेच खाली नेतो, बापजाद्यापासून. संक्रांतीला जहागीरदारांसमोर उतरून दाखवायचंय न्हव का? दाखवाल की. पायाकडं बघू नका, जायचं तिकडं बघा. आन् शिकवणीचं चीज करायचं तर इचारा. आमच्यात रीतच हाय — शिकणाऱ्यानं इचारलं तेवढंच सांगायचं, आन् इचारलं तर खोटं सांगायचं न्हाई. कावून? बाप म्हनायचा, फुकट सांगितलेलं ध्यानात ऱ्हात न्हाई.

तुमच्या आधीचे कारभारी, सुंदरराव, ते काई इचारायचे न्हाईत. शहादेवा, गवतकाप्याला काय इचारायचं, म्हनले — ह्याच जागी बसले हुते, गेल्या संक्रांतीला. मानूस कसा हुता? गेलेल्याला काय बोलावं — पर माझ्या धाकट्या भावाला, त्रिंबकला, त्यायनीच भर भादव्यात वेठीला धरून भारे घेऊन उतरवलं. ओल्या गवतात टाच ठरत न्हाई. मी हात जोडून सांगितलं हुतं त्यास्नी, लई सांगितलं. त्रिंबक खाली सापडला तवा फांदी हातातच हुती. मग सुंदरराव शिकायला आले तवा मी न्हाई हात जोडले. इचारलं तेवढं सांगितलं. पोलिसांच्या अमीनसाहेबांनीबी लिहून नेलं, घसरून मेले म्हनून. खोटं काय त्यात?

तुमी बरे हाव, आयकून तरी घेता. काल तेवढा भिवराबाईला वेठीचा हुकूम धाडलात — त्रिंबकची बायको ती, अंगावर पिणारं लेकरू हाय — तुमाला ठावं नसंल. ठावं हुतं? बरं.

गुडघे वाकवा. मी मागून नुसता हात लावतो. इचारायचंय काई? न्हाई? मग सोडतो —

काय म्हनलात?

थांबायचं कुठं, म्हनता.

...त्यो पांढरा धोंडा दिसतो का? तिथं दोन्ही टाचा रोवायच्या. त्याच्या म्होरं गवत संपतं, कडा हाय. इचारलंत, सांगितलं. आता उठा फांदीवरून. न्हाई, आज शिकवणी न्हाई, पायवाटंनं जा. आन् भिवराबाईचा हुकूम आजच माघारी घ्या. परत शिकायला आलात तर तुमी इचारायच्या आधी माझा हात लागंल. जा.