पहिला नंबर

विमानतळावरच्या रांगेत माझ्या पुढे एक वयस्कर नवरा-बायको होते. काउंटरवरची मुलगी त्यांचे कोरोनाचे रिपोर्ट बघत होती.

"काकू, तुमचा चालेल. काकांचा नाही चालणार."

"का? निगेटिव्हच आहे की माझा!"

"विमान सुटायच्या आधी बहात्तर तासांच्या आतला लागतो, काका. तुमचा एकोणऐंशी तासांचा होतोय."

"अहो, आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये स्वॅब दिलाय!"

"कुठे दोघांनी? दुपारी तीनची वेळ दिली होती. हे सकाळी सातलाच जाऊन नाक पुढे करून आले."

"गर्दी व्हायच्या आत उरकलं. पहिला नंबर लागला माझा!"

"लागला ना? मग बसा आता तो घेऊन."

"तू जा. पोरगी एकटी आहे तिकडे, नात पंधरा दिवसांची. माझ्यासाठी अडकू नकोस."

"गप्प बसा हो. बाळा, इथे होते का गं टेस्ट?"

"होते, खालच्या मजल्यावर. पण रिपोर्टला तीन तास लागतात."

"आणि आत्ता वाजले किती?"

"नऊ. अगंबाई, दुपारी दोनच्या विमानाला तुम्ही नऊलाच आलात?"

"आले कसली! यांनी आणलंय. 'चल, चल' करून ओल्या केसांनी घराबाहेर काढलं मला."

"मग? आता बोल की!"

"बोलते नंतर. आधी पळा खाली आणि पहिला नंबर लावा!"